नाल्याकाठचे खुंटे: जमीन खचण्याच्या मोजणीच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

आज ग्रामपंचायतीत बसून काम ठरलं. आमचं गाव वणी तालुक्यातलं. गावाच्या उत्तरेचा नाला पुढे निर्गुडेला मिळतो आणि निर्गुडा वर्धेला. नाल्यापलीकडच्या वावरांखाली भूमिगत खाण आहे. तिथे गॅलऱ्या काढून कोळशाचे पिलर उभे ठेवायचं काम कधीच झालं. आता ते पिलर काढायचे आहेत, म्हणजे डिपिलरिंग, आणि मागचं छत कोसळू द्यायचं आहे. गावातली जी पोरं खाणीत उतरतात त्यांच्याकडून कळलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होईल.

माझी नोकरी कामठीच्या कोळसा पट्ट्यात खाण सर्वेअर म्हणून गेली. जमीन खचल्यावर कास्तकार आणि साहेब धुऱ्यावर उभे राहून वाद घालतात, हे मी पुष्कळदा पाहिलं. कास्तकार म्हणतो वावर बसलं, साहेब म्हणतात इथे आधीपासूनच खोलगट होतं. खाणीचे मोजणीचे खुंटे असतात, पण ते बहुतेक पॅनलवर, म्हणजे जिथला कोळसा काढायचा त्या आखलेल्या पट्ट्यावर. नाला, विहिरी आणि पॅनलच्या कडेबाहेरची वावरं त्या वहीत क्वचितच येतात. म्हणून पिलरला हात लागायच्या आधी गावाची स्वतःची मोजणी उभी करायची. नंतर कितीही बारकाईने मोजलं तरी आधीची पातळी कुठून आणणार?

सरपंचबाईंनी पहिल्यांदा घुग्घुसची गोष्ट काढली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. इथून घुग्घुस काही लांब नाही, लोकांच्या मनात ते अजून ताजं आहे. "काकाजी, आपल्या इथं तसं होईन का?" मी सांगितलं, एकदम घर गिळणारा खड्डा बहुतेक उथळ, जुन्या कामांवर पडतो, जिथे वर पक्का खडक थोडा असतो आणि पावसाचं पाणी मुरत जातं. आपल्याकडे खोली बऱ्यापैकी आहे. इथे जमीन परातीसारखी बसेल, मोठ्या पट्ट्यात, मध्ये जास्त आणि कडेला कमी. घरं त्या पट्ट्याच्या बाहेर आहेत. नाला मात्र बाहेर नाही.

१५ डिसेंबर

माहितीच्या अधिकारात मागितलेला नकाशा पंचायतीला मिळाला होता, तो आज पसरून बसलो. पॅनलची रुंदी सुमारे १०० मीटर, खोली सुमारे ८०, काढायची उंची ३ मीटर. वर्धा खोऱ्यात कोळशाचा मुख्य थर कितीतरी ठिकाणी १० मीटरहून जाड आहे, पण भूमिगत कामात त्यातला एक भागच काढतात.

नाल्याचं वळण पॅनलच्या कडेपासून २२ मीटरवर येतं. १९५७ च्या कोळसा खाण नियमांपासून अशी अट आहे की नदी-तलावाच्या थेट खाली, किंवा नदीच्या काठापासून आडव्या १५ मीटरच्या आत, खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय काम करता येत नाही. त्या हिशेबाने २२ मीटर म्हणजे मोकळी जागा. पण जमीन सरळ खाली बसत नाही. खालची पोकळी वर येताना दोन्ही बाजूंना फाकते. तिचा कोन अंदाजासाठी ३५ अंश धरण्याची पद्धत आहे. ८० मीटर खोलीला तो फाकाटा कडेबाहेर ५६ मीटर निघतो. वर कडक वालुकाश्म असेल तर प्रत्यक्षात कोन बराच कमी भरतो, तरी २२ मीटर त्यात येणारच. आणि कडेबाहेरच्या याच पट्ट्यात जमीन थोडी बसते पण जास्त ताणली जाते. भेगा तिथे पडतात. नाल्याला धोका खचण्याचा नाही, ताणाचा आहे. पोरांना हे चुलीजवळच्या राखेत काठीने रेघा ओढून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

२२ डिसेंबर

खुंटे पुरायला घेतले. सगळ्यात जास्त डोकं इथेच लावलं, कारण आमच्याकडची काळी माती.

ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अर्ध्या मीटरवर पुरलेला खुंटा वर्षात दोन-चार सेंटिमीटर वर-खाली सहज होतो, खाण असो की नसो. असल्या खुंट्यावर मोजलं तर मे महिन्यात अख्खा तालुका खचलेला दिसेल. म्हणून दोन तऱ्हेचे खुंटे ठेवले. उथळ खुंटे नेहमीसारखे. खोल खुंट्यांसाठी हातगिरमिटाने ३ मीटर भोक. वरची दीड-दोन मीटर काळी माती, मग चुनखडीचे गोटे मिसळलेली पिवळी माती, मग मुरूम लागला. भोकाच्या बुडात सिमेंट काँक्रीट ओतून त्यात २० मिमीचा लोखंडी गज उभा केला. गजाभोवती पीव्हीसी पाइप, आणि दोघांच्या मधल्या फटीत ग्रीस. माती फुगली तर पाइपाला धरून वर जाईल, गज जागचा हलणार नाही. गजाचं डोकं घासून गोल केलं, म्हणजे स्टाफ, म्हणजे पातळी वाचायची उभी मोजपट्टी, दरवेळी एकाच बिंदूवर टेकेल. डोकं जमिनीच्या एक वीत खाली, वर झाकण आणि त्यावर माती. डवऱ्याचं किंवा ट्रॅक्टरचं फाळ अडकायला नको.

पॅनलवरून आडवी एक ओळ, खुंट्यांना प-१ पासून नंबर, अंतर ८ मीटर, म्हणजे खोलीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं. दर तिसरा खुंटा खोल. नाल्याच्या काठाने दुसरी ओळ, ना-१ पासून. तिथले सगळे खोल. एक उथळ-खोल जोडी शाळेच्या आवारात, खाणीपासून पार लांब. ती कशाला, असं पंचायतीत विचारलं गेलं. माती किती हलली हे तीच जोडी सांगेल, आणि ते वजा केल्याशिवाय खाणीचा आकडा निघणार नाही.

५ जानेवारी २०२५

पहिली पातळी. बेंचमार्क, म्हणजे न हलणारी मूळ खूण, गावाच्या दक्षिणेला, जिथे वालुकाश्माचा खडक उघडा आहे, त्यावर छिन्नीने खूण करून घेतला. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी घ्यायची दुर्बीण, सेकंडहँड आहे पण भिंग स्वच्छ. बेंचमार्कपासून निघून सगळे खुंटे घेऊन परत बेंचमार्कवर आलो, सुमारे १.४ किलोमीटरचा फेरा. फरक ४ मिमी. किलोमीटरच्या वर्गमुळाला १२ ने गुणायचं, या हिशेबाने १४ मिमीपर्यंत चालला असता.

खुंट्यांमधली अंतरंही फितीने घेतली, स्प्रिंगबॅलन्स लावून, दरवेळी सारखाच ताण देऊन. हे पहाटेच करायचं असा नियम केला. पोलादी फीत २० अंशांनी तापली की ३० मीटरला जवळपास ७ मिमी वाढते, आणि आपल्याला तर मिलिमीटरच हवे आहेत.

१२ जानेवारी

नाल्यात दोन ठिकाणी व्ही-नॉच बसवले, एक पॅनलच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. पत्र्यात ९० अंशांची खाच, बाजूने मातीच्या पोत्यांचा बंधारा. खाचेवरून पाण्याची उंची मोजली की प्रवाह निघतो: उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीच घात, गुणिले १.३८, उत्तर सेकंदाला घनमीटर.

वर ९.० सेंमी, म्हणजे सेकंदाला ३.३५ लिटर. खाली ९.२ सेंमी, ३.५४ लिटर. खाली थोडं जास्तच आहे. दोन्ही काठांच्या वालुकाश्मातून पाणी झिरपून नाल्यात येतं. हा कामठी वालुकाश्म चांगला पाणी धरतो, आमच्या विहिरी त्याच्यावरच आहेत. नाला या पट्ट्यात पाणी घेतो, सोडत नाही. ही ओळ वहीत ठळक लिहून ठेवली आणि खाली सरपंचबाईंची सही घेतली.

१९ जानेवारी

विहिरींची पातळी घेतली. काठाला पांढऱ्या रंगाची खूण, दोरीला लोखंडी वजन. मालकांनी वहीत सह्या केल्या.

२ मार्च

खाणीतल्या पोरांनी सांगितलं, पिलर काढायला सुरुवात झाली. टोकाकडून सुरू आहे. पातळीत काही नाही.

१३ एप्रिल

काल रात्री गावात धप्प असा आवाज आला, भांडी हलली. मेन फॉल. पिलर काढत गेलं की छत काही अंतरापर्यंत स्वतःच्या ताकदीवर तग धरतं, मग एकदम मोठा भाग बसतो. खाली सगळे सुखरूप आहेत, हे सगळ्यात आधी विचारून घेतलं.

सकाळी वावरात गर्दी. जो तो आपल्या वावरातल्या भेगा दाखवत होता. "पाहा जी काकाजी, हात जाते इतकी फाकली." एप्रिलातली काळी माती, भेगा तर पडणारच. शाळेच्या आवारातही हात जाईल अशा भेगा आहेत. मी सांगितलं की भेगेकडे पाहताना तिची वाट पाहा. उन्हाने पडलेली भेग जाळीसारखी सगळीकडे फुटते, पाच-सहा बाजूंचे तुकडे करते. खालच्या ओढीने पडलेली भेग पॅनलच्या कडेला धरून लांब सरळ जाते, धुरा ओलांडते, पांदण ओलांडते, आणि तिचा एक काठ दुसऱ्यापेक्षा किंचित खाली असतो. अशी एक भेग उत्तरेच्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या) वावरात सापडली. तिच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून अंतर लिहून ठेवलं.

२० एप्रिल

पातळी. पॅनलच्या मध्यावरचा प-१४ (खोल) १८६ मिमी खाली. ना-३, म्हणजे नाल्याच्या वळणावरचा, ९ मिमी. शाळेतला उथळ खुंटा २७ मिमी खाली, खोल १ मिमी.

हा शेवटचा आकडा मी पंचायतीत मोठ्याने वाचून दाखवला. शाळेखाली खाण नाही, तरी उथळ खुंटा २७ मिमी उतरला. ती नुसती माती. उथळ खुंट्यांवर विसंबून नाल्याचे ९ मिमी कुणाला दाखवायला गेलो असतो तर पहिल्या पाच मिनिटांत गप्प बसावं लागलं असतं.

१ जून

मे महिन्यात अवकाळी पाऊस चांगलाच झाला. त्याने एक काम सोपं केलं: उन्हाच्या भेगा मिटल्या. पऱ्हाटीच्या वावरातली सरळ भेग मिटली नाही. वरून माती वाहून तिच्यात गेली आणि कडेला वीतभर खोल चर पडला. खिळ्यांमधलं अंतर वाढलेलंच आहे. ज्यांच्या वावरातल्या भेगा मिटल्या त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, "आमची मातीचीच होती." या कामात मला सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट हीच वाटते.

प-१४: ७४२ मिमी. ना-३: ५८.

२२ जून

पेरण्या. खुंट्यांच्या जागी पळसाच्या फांद्या रोवल्या, ट्रॅक्टरवाल्यांना दाखवून दिल्या. दोन उथळ खुंटे तरीही गेले.

३१ जुलै

काल संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह गेला. पंचायतीतल्या टीव्हीवर पोरांनी पाहिला.

माझी पुतणी नागपूरला भूशास्त्र शिकते. तिने सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडार प्रतिमा उतरवून एप्रिल-मेच्या जोड्या लावून पाहिल्या. त्या फुकट मिळतात. रडारची लहर सुमारे ५.६ सेंमीची, म्हणून नकाशावरचा एकेक रंगीत पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंमी हालचाल. पॅनलभोवती पट्टे सुंदर दिसले, आमच्या कडेच्या खुंट्यांशी जुळणारे. मध्ये मात्र नुसता गोंधळ. तिथे दोन प्रतिमांच्या मधल्या १२ दिवसांत जमीन इतकी उतरली की पट्टे एकमेकांत मिसळले. म्हणजे कडेच्या बारीक हालचालीला रडार चांगलं, मध्याच्या मोठ्या खचण्याला आमचा स्टाफच. जूननंतर पीक उभं राहिलं आणि कडेचंही काही उमटेना.

निसारवर नासाचं एल बँड रडार आहे, लहर सुमारे २४ सेंमी, शिवाय इस्रोचं एस बँड. लांब लहर पानांतून जास्त आत जाते. पुढच्या खरिपात तूर-पऱ्हाटी उभी असतानाही काही दिसेल अशी आशा आहे. ज्या गावांना लेव्हल मशीन परवडत नाही त्यांच्यासाठी तर फार मोठी गोष्ट होईल. पण शेतात एक तरी पक्का खुंटा असल्याशिवाय उपग्रहाचा आकडा कशाला जुळवायचा, हा प्रश्न राहतोच.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. पाऊस चार दिवस लागून होता. पॅनलवरच्या खळगीत पाणी साचलंय, तीन जणांच्या वावरांत मिळून. आधी या वावरांचं पाणी धुऱ्याच्या कडेने नाल्यात जायचं. आता उतारच उलटा झाला. सोयाबीन पिवळं पडलं. एक म्हातारे काकाजी पाण्याच्या कडेला उभे होते. "वावर तं माझंच हाय नं?" त्यांनी विचारलं.

वावर त्यांचंच आहे. कोळसा क्षेत्राच्या १९५७ च्या संपादन कायद्याने जमीन पूर्ण न घेता फक्त खालचा खाणीचा हक्क घेता येतो. सात-बारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, पेरणी तोच करतो, आणि खाली उचललेल्या ३ मीटर कोळशाचा परिणाम त्याच्या सोयाबीनवर दिसतो. म्हणून पीक नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडून आजच करून घेतला. त्याच दिवशीची खळगीची पातळी, पाण्याची कड आणि फोटो सोबत जोडले. पाणी ओसरल्यावर आलेला पंचनामा कामाचा नाही.

खळगीतून नाल्याकडे चर काढला तर पाणी निघेल, पण उताराचा हिशेब आत्ता करू नये असं माझं मत. जमीन अजून बसतेय.

२८ सप्टेंबर

प-१४: ११३० मिमी. ना-३: ८८. ना-३ आणि ना-४ मधलं ८ मीटरचं अंतर ३० मिमीने वाढलं, म्हणजे मीटरमागे ३.७५ मिमी. इमारतींसाठी मीटरमागे ३ मिमी ही मर्यादा सर्रास धरतात. नाल्याच्या तळाचा वालुकाश्म ठिसूळ, ताण सहन न होणारा. आता पाण्यावर नजर. पण नाला अजून पुरात आहे, नॉच बुडालेले.

९ नोव्हेंबर

नॉच परत बसवले. वर ११.५ सेंमी, ६.१९ लिटर. खाली ९.४ सेंमी, ३.७४ लिटर. जानेवारीत खाली जास्त होतं, आता सेकंदाला जवळपास अडीच लिटर कमी. दिवसाचे दोन लाख लिटरच्या वर.

वही घेऊन लगेच खाणीकडे धावायचं, असं पोरांचं म्हणणं पडलं. थांबवलं. चना-गव्हाचं पाणी चालू आहे, दोन्ही काठांवर मोटारी आहेत. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि तो बरोबर असेल.

१६ नोव्हेंबर

मोटारी बंद ठेवून मोजणी. आधी घरोघरी फिरून विचारलं. शेतीच्या लाइनीचा आठवडा रात्रीचा होता. रात्रीचं पाणी सोडणं म्हणजे कास्तकाराला जड. तरी सगळ्यांनी दोन रात्री आणि दोन दिवस मोटार लावली नाही. ज्यांचं वावर खचलं नाही, ज्यांचा काही संबंध नाही, त्यांनीही नाही लावली.

दुसऱ्या पहाटे दोन्ही नॉच वाचले. फरक तसाच: सेकंदाला २.४ लिटर गायब. मोटारींचा विषय संपला.

२३ नोव्हेंबर

पाणी जातं कुठे ते शोधायला नाल्यातून चालत गेलो, लाकडी फळीची छोटी खाच करून, थोड्या-थोड्या अंतरावर प्रवाह मोजत. वळणापर्यंत पाणी पूर्ण. वळण उतरलं की कमी. म्हणजे ना-३ आणि ना-४ च्या मध्येच.

तिथे तळाला वालुकाश्माची सपाट लादी आहे, वर बोटभर गोटे आणि रेती. गोटे हाताने बाजूला केले. लादीवर तिरपी भेग, बोट जाईल इतकी रुंद, दोन्ही काठांच्या मातीत शिरलेली. कडा ताज्या, फिक्या पिवळ्या; बाकी लादी शेवाळाने काळी. भेगेवर तळहात ठेवला तर बोटांना खालून ओढ लागते. एका पोराने सोयाबीनचं कुटार मूठभर वरून सोडलं. ते वाहत आलं, भेगेवर येऊन अडलं, आणि बघता बघता भेगेची अख्खी रेघ कुटाराने आखली गेली. पलीकडे फारच थोडं गेलं. सगळ्यांनी फोटो काढले. मी भेगेची दिशा होकायंत्राने घेतली. पॅनलच्या कडेशी समांतर.

काठावरच्या दोन विहिरीही गेल्या जानेवारीपेक्षा खाली आहेत. जानेवारीत उन्हाळ्याकडे झुकलेलं पाणी होतं, आत्ता तर पावसाळा नुकता संपलाय. पातळी वर असायला हवी होती.

२ डिसेंबर

खाणीच्या ऑफिसात बैठक. सरपंचबाई, दोन कास्तकार, पुतणी आणि मी. आधी १५ मीटरचा नियम आणि आमचे २२ मीटर, हेच झालं. अपेक्षित होतं. मग मी फितीची वही उघडून ना-३, ना-४ चे पहाटेचे आकडे एकाखाली एक दाखवले, शाळेच्या खुंट्यासह. मोजणीवर कुणी शंका घेतली नाही. तिथला तरुण सर्वेअर तर खोल खुंट्याचं ग्रीस आणि पाइप कसं बसवलं, तेच विचारत राहिला.

बैठक खरी वळली ती पाण्यावर. मी विचारलं, संपमधला, म्हणजे खाणीतलं पाणी साठवायच्या खड्ड्यातला, पंप हल्ली किती तास चालतो? उत्तर आलं, पावसाळा संपूनही कमी झाला नाही. मग मी बोललो: नाल्याचं पाणी खाली येत असेल तर हा विषय गावाच्या चन्यापुरता नाही. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली. तिथलं कारण वेगळं होतं, साठलेलं पाणी अडवणारी भिंत फुटली होती, पण पावसाळ्यात हाच नाला भरून वाहतो तेव्हा ती भेग किती पाणी खाली नेईल, हे कुणी तरी मोजलं पाहिजे. खाली आमच्याच गावची पोरं आहेत. त्यावर खोलीत कुणीच काही बोललं नाही. मॅनेजरसाहेबांनी नकाशा मागवला.

ठरलं ते असं: भेग ताबडतोब बुजवायची, यापुढची मोजणी दोघांनी मिळून करायची, आणि वहीवर दोन्ही बाजूंच्या सह्या. पुढच्या पॅनलबद्दल लेखी उत्तर देणार.

१४ डिसेंबर

भेग बुजवली. वरून नाला पोत्यांनी वळवून घेतला, भेग खरवडून साफ केली, चिकण माती पायाने तुडवून-मळून थर देत ठासली, वर मुरूम आणि दगडी पिचिंग. खाणीने माणसं आणि सामान दिलं. सिमेंट ओतू नका असा आग्रह मी धरला, आणि तो मानला गेला. जमीन अजून थोडी हलेल. सिमेंट तडकेल, माती ओल धरून राहिली तर ताणाबरोबर सरकेल.

संयुक्त पातळीही झाली. प-१४: ११६८ मिमी, सप्टेंबरनंतर फक्त ३८ मिमी. ना-३: ९२. बसणं मंदावलंय. उरलेलं हळूहळू होत राहील, ते वर्षभर तरी पाहावं लागेल.

२१ डिसेंबर

नॉच: वर ९.८ सेंमी, ४.१५ लिटर, खाली ८.९ सेंमी, ३.२६ लिटर. गळती अडीच लिटरवरून ०.९ वर आली. शून्य नाही. लादीच्या बाजूला काठातही भेग आहे, ती मातीखाली कुठवर गेली ते उकरल्याशिवाय कळणार नाही.

११ जानेवारी २०२६

खाणीचं पत्र आलं. पुढचं पॅनल नाल्याला आणखी जवळ आहे. आम्ही दोन पर्याय मागितले होते: नाल्याच्या बाजूच्या पिलरच्या दोन ओळी तशाच सोडा, किंवा तेवढ्या भागात वाळू भरा. वाळू भरून काम केलं तर बसणं काढलेल्या उंचीच्या ५ टक्क्यांच्या आसपास राहतं. ३ मीटरला १५ सेंटिमीटर. कामठी पट्ट्यात कन्हानची वाळू पाण्याबरोबर पाइपातून खाली जाताना मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. आता नदीची वाळू मिळणं अवघड आणि नदी उपसणं चूकही. पण ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या खाणींच्या, ढिगाऱ्यातून वाळू वेगळी करता येते, आणि आमच्या भोवती ढिगारे पुष्कळ आहेत.

पत्रात लिहिलंय की एक ओळ सोडण्याचा विचार चालू आहे, दुसऱ्या ओळीबद्दल तपासणी करू. एका ओळीने माझं समाधान नाही. त्यांच्याच आकड्यांवरून काढलं तर एक ओळ सोडून वळणावरचा ताण मीटरमागे २ मिमीच्या वर राहतो, आणि लादी आधीच एकदा फुटली आहे. हे गणित पायरी-पायरीने लिहून पंचायतीच्या ठरावासोबत पाठवतोय. प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूरच्या कार्यालयाला.

खचलेल्या तीन वावरांची भरपाई अजून आली नाही. पंचनामा आणि पातळीचे आकडे जोडलेला अर्ज परत दिला, पोच घेतली. खळगीतून चर काढण्यासाठी उतार मात्र आता घ्यायला हरकत नाही. पेरणीआधी चर झाला तर यंदाचं सोयाबीन वाचेल.

नव्या पॅनलच्या बाजूला ना-१० ते ना-१६ ची भोकं पाडून झाली. उद्या काँक्रीट. पहिली पातळी १ फेब्रुवारीला, दोन्ही बाजूंची माणसं हजर.